तळ्याअलीकडचा थांबा

१

थोरली हात पुसत बाहेर आली, तेव्हा बस उभी होती त्या जागी फक्त तेलाचा डाग होता.

आधी तिला वाटलं, आपणच दिशा चुकलो. हॉटेलच्या भलत्याच दारानं बाहेर पडलो असू. म्हणून ती उलटी फिरून दुसऱ्या दारानं आली. अंगण तेच, डागही तोच. पेट्रोल पंपापाशी एक ट्रक धूर सोडत उभा होता. गल्ल्यावरचा माणूस तिच्याकडे पाहत होता आणि पाहत नसल्यासारखं करत होता.

तिनं टूरच्या मॅनेजरला फोन लावला.

"अहो, मी खाली राहिले की!"

पलीकडून अगदी शांत आवाज आला. "बाई, तुमच्या जाऊबाईंनीच सांगितलं ना, त्या येणार नाहीत, गाडी सोडा. तुमची बॅग गल्ल्यावर ठेवलीय. परतीची गाडी तिथूनच मिळेल."

फोन बंद झाला.

हे सगळं थोरली आता वकीलबाईंना सांगत होती. वकीलबाईंचं ऑफिस एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर होतं. खालून इस्त्रीची उबट वाफ यायची आणि पंख्याखाली बसलेल्या माणसाचंही कपाळ ओलं व्हायचं. त्या ग्राहकांच्या बाजूनं लढायच्या. थंड न करणारे फ्रीज, पहिल्याच पावलाला तुटलेल्या चपला, न पोचलेली पार्सलं, असली दुःखं घेऊन माणसं जिना चढून यायची. फ्रीजपायी रडणारा माणूसही त्यांनी पाहिला होता. पण ही बाई रडत नव्हती. मांडीवर हिरवी बॅग घेऊन ताठ बसली होती, लेकरू घेऊन दवाखान्यात बसावं तशी.

बॅगेला कंपनीचा टॅग होता आणि त्यावर थोरलीचं नाव. चेनच्या दातांत एका जांभळ्या स्वेटरची चिमुकली बाही अडकली होती.

"त्या दिवशी चक्कर आली मला," थोरली म्हणाली. "रक्तदाबाची गोळी राहिली ना. पंपावरच्या माणसानं औषधाच्या दुकानापर्यंत नेलं. देव भलं करो त्याचं."

"पण बॅग तर होती तुमच्याजवळ."

थोरलीनं बॅगेवर हात ठेवला. "ते वेगळं आहे," एवढंच म्हणाली.

मग तिनं पिशवीतून कंपनीचा कागद काढला. 'मी स्वखुशीने सहल अर्धवट सोडली, माझी काही तक्रार नाही,' असा मजकूर. खाली सही केली की भरलेले सगळे पैसे परत.

"मावशी, ही सही केलीत की सगळी दारं बंद," वकीलबाई म्हणाल्या. "न केलीत तर दारं बरीच आहेत. आधी कंपनीला नोटीस देऊ. नाही वठणीवर आली, तर ग्राहक न्यायालय आहेच. छापील कार्यक्रमात तळं होतं, ते न दाखवताच गाडी परत फिरवली, ही एक तक्रार. म्हाताऱ्या माणसाला वाटेत सोडलं, ही त्याहून मोठी. बसला परवाना देणारं कार्यालय आहे, तिथेही जाता येतं. आणि मुद्दाम सोडलं असं सिद्ध झालं, तर पोलिसांतही. भरपाई मिळते, माफी मिळते, कधीकधी परवानाही जातो. फक्त त्यांचं म्हणणं एकच राहणार, की बाई आपण होऊन उतरल्या. ते खोटं ठरवावं लागेल."

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली पाहत म्हणाली, "न्यायालय राहू दे हो. मला एवढंच शोधून द्या. धाकटीनं खरंच मला टाकलं का?"

"आणि टाकलं असेल तर?"

"तर हा कागद आणा इकडे. सही करते. मग लढून मिळवायचंय काय?"

२

थोरली आणि धाकटी ह्या जावा-जावा. एकाच घरात सुना म्हणून आल्या, एकाच ओट्यापाशी उभं राहून त्यांनी भाकऱ्या थापल्या. एकीची पोरं दुसरीच्या हातून जेवली. ओट्यावर एक जुनं कॅलेंडर टांगलेलं असायचं. साल उलटून गेलं तरी काढलं नव्हतं, कारण त्यावर एका तळ्याचं चित्र होतं. थंडीत लांबून येणारे हजारो पांढरे पक्षी, पाणी दिसूच नये इतके. "एकदा जाऊ गं," असं एक म्हणायची. "आधी कणीक मळून होऊ दे," असं दुसरी.

मग भाऊ-भाऊ भांडले. दुकान वाटलं, घर वाटलं. बायकांचं भांडण नव्हतंच, पण नवऱ्यांचं मौन त्यांच्या अंगावर येऊन पडलं, आणि पडलं ते वर्षानुवर्षं उचललंच गेलं नाही. दोघी भजन म्हणायच्या तेव्हा पहिली ओळ थोरलीची आणि दुसरी धाकटीची असायची. वेगळ्या घरात आल्यावरही थोरली भांडी घासताना पहिली ओळ म्हणायची आणि सवयीनं थांबायची. नळाचं पाणी वाहत राहायचं. दुसरी ओळ तिनं कधी आपण होऊन म्हटली नाही.

दोघींचे नवरे गेले. धाकट्या दिराला पोचवायला थोरली गेली, तेव्हा धाकटी तिच्या खांद्यावर कोसळली आणि हुंदक्यांतच म्हणाली, "जाऊबाई, तळं राहिलंय."

म्हणून ही सहल.

हे वकीलबाईंना थोरलीनं थोडं सांगितलं. उरलेलं सांगितलं बसमधल्या एका सहप्रवाशानं. घरातही काळा चष्मा लावून बसणारा हा गृहस्थ. सगळी बस त्याला गॉगलकाका म्हणायची.

"मोतीबिंदू झालाय हो, फॅशन नव्हे," त्यानं आल्याआल्या खुलासा केला. "पण कान शाबूत आहेत. विचारा."

"तक्रार कशावरून सुरू झाली?"

"तळ्यावरून! मॅनेजर माईकवर म्हणाला, रस्ता खराब आहे, तळं रद्द. सगळे मूग गिळून बसले. मीही, खोटं कशाला बोलू? एकट्या थोरलीबाई उठल्या. म्हणाल्या, 'छापलंय ते दाखवा, नाहीतर गाडी इथेच उभी करा.' मॅनेजरचं तोंड असं झालं, जसं कुणी गरम बटाटा घशात कोंबला. मग थांबा आला, हॉटेलचा. सगळे उतरलो."

"आणि निघताना मोजणी झाली नाही?"

"झाली की. ह्या कंपनीत डोकी मोजत नाहीत. मॅनेजर मधून चालत जातो आणि प्रत्येक बाकापाशी म्हणतो, 'जोडी?' खिडकीतल्या माणसानं शेजारी पाहायचं आणि म्हणायचं, 'जोडी हजर.' झालं. लहान पोरांची शाळा बरी!"

"थोरलीबाईंच्या बाकावर खिडकीत कोण होतं?"

"धाकटीबाई. मी पलीकडच्याच बाकावर." गॉगलकाकांनी आवाज खाली आणला. "मॅनेजर तिथे आला, पण 'जोडी?' असं म्हणाला नाही. वाकला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. ऐकू नाही आलं. बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. शेजारची जागा रिकामी होती, मॅडम, रिकामी! त्यांना दिसत नव्हती असं नाही."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. आणि गाडी सुटली."

३

कंपनीच्या ऑफिसात गारठा होता आणि भिंतीवर तेच तळं. पांढऱ्या पक्ष्यांनी भरलेलं, हातभर मोठ्या चौकटीत.

"इथे नेता वाटतं तुम्ही?" वकीलबाईंनी विचारलं.

"रस्ता खराब होता हो," मॅनेजर हसला. तरतरीत, गुळगुळीत दाढीचा माणूस, बोलण्यात तुपाची धार. "बाई, आम्ही प्रवाशाला देव मानतो."

"मग देवाला पंपावर सोडून आलात?"

त्याचं हसू जरा लंगडलं. पण कहाणी मात्र ठाकठीक होती. थोरलीबाई थांब्यावर आपण होऊन त्याच्याकडे आल्या. म्हणाल्या, ह्या बाईबरोबर मला पुढे एक पाऊल टाकायचं नाही, जुनं आहे आमचं. त्यानं खूप समजावलं. ऐकेनात. डिकीपाशी आल्या, ड्रायव्हरनं डिकी उघडली, त्यांनी बॅग दाखवली.

"कशी दाखवली?"

"अशी, बोटानं. 'ती हिरवी माझी' म्हणाल्या. मी स्वतः उतरवून दिली. गल्ल्यावर ठेवा म्हणाल्या, हात धुऊन येते."

"हिरवी."

"हिरवी. टॅगवर नाव आहे की त्यांचं, बघा! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"पण फोनवर तुम्ही त्यांना म्हणालात, की जावेनं गाडी सोडायला सांगितलं."

"छे, छे. रेंज नव्हती. त्यांनी ऐकलं असेल काहीबाही. परतीची गाडी विचारायला फोन केला होता त्यांनी." तो पुढे झुकला. "बाई, घरातली भांडणं असतात. बायकांचं तुम्हाला वेगळं काय सांगायचं? दोघींच्या भांडणात कंपनी का भरडायची?"

"त्यांचं जुनं काही आहे, हे तुम्हाला कसं माहीत?"

"पहिल्याच दिवशी माईकवर ओळखी होतात ना. धाकटीबाईंनी अख्ख्या बसला सांगितलं, इतकी वर्षं बोलत नव्हतो म्हणून. टाळ्याही पडल्या."

मागच्या आवारात ड्रायव्हर बसची पुढची काच पुसत होता. हा माणूस मॅनेजरच्या अगदी उलट. शब्द म्हणजे पदरचे पैसे, असं समजून खर्च करणारा.

"डिकी उघडली मी," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं उघडायला?"

"उघड म्हणाले, उघडली."

"थोरलीबाई तिथे उभ्या होत्या?"

ड्रायव्हरनं फडका पिळला. काच एव्हाना इतकी लख्ख झाली होती, की तिच्यात त्याचाच उतरलेला चेहरा दिसत होता. तरी तो पुसतच राहिला.

"मला पोरं आहेत, मॅडम."

"त्या बाईंनाही आहेत. आणि त्यांना चक्कर आली होती तिथे."

त्याचा हात थांबला. तोंड उघडलं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून मॅनेजरनं हाक मारली, आणि तोंड मिटलं.

परत येताना वकीलबाईंचं मन खट्टू झालं. दोन कहाण्या, दोघींची तोंडं वेगळ्या दिशेला, आणि मधे हा तुपाळ माणूस. तो लबाड, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण लबाड माणूस कधीकधी खरंही बोलतो. धाकटी गप्प का राहिली? रिकाम्या जागेशेजारी बसून कुणी गप्प राहतं, ते दोनच कारणांनी. एक तर काळजात काही नसतं, नाहीतर मावत नाही इतकं असतं.

यांतलं धाकटीचं कुठलं?

४

धाकटीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाई ठेंगणी, चिमणीएवढी. दार उघडताच म्हणाली, "तिनं पाठवलंय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याकडे येतंय कोण दुसरं? बरी आहे ना ती? जेवते ना?" आणि लगेच स्वतःलाच आवरून, "मला काय त्याचं. बसा."

कोपऱ्यात एका स्टुलावर निळी बॅग होती. तिच्यावर धुतलेला पंचा पांघरला होता. घरभर थोडी धूळ होती, पण बॅगेवर कणभर नव्हती.

"काय म्हणाला मॅनेजर तुमच्या कानात?"

धाकटीनं चहा ओतला. थोडा बशीत सांडला. "म्हणाला, 'थोरल्या बाई उतरल्या. ह्या बाईबरोबर पुढे एक पाऊल टाकायचं नाही म्हणाल्या. बॅग घेऊन गेल्या.' आता सांगा, मी काय जोडी हजर म्हणू?"

"खाली उतरून विचारावंसं नाही वाटलं? फोन करावासा?"

"वाटलं. खूप वाटलं. हात दारापर्यंत गेला होता." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "पण बाई, एकदा भिंत पडली ना मधे, की दुसऱ्यांदा कुणी वीट उचलली तरी वाटतं, झालं, पुन्हा भिंत. मी म्हटलं, तिला माझ्याशी बोलणं जड झालं असेल. माईकवर सगळं सांगून टाकलं मी, ते आवडलं नसेल. ती मोठी आहे. तिचा मान आहे. आपण कशाला मागे लागायचं?"

वकीलबाई मनात म्हणाल्या, मान. दोघींच्या हातात फोन होते आणि दोघींच्या मधे मान होता. देवानं माणसाला बोलायला जीभ दिली, आणि माणसानं तिच्यावर मान नावाचं कुलूप लावून किल्ली समोरच्याकडे फेकली.

"परतल्यावर डिकी उघडली," धाकटी सांगत होती, "तर आत ही निळी. माझी नव्हतीच. माझी ती घेऊन गेली. तेव्हा तर मला रडूच आलं. म्हटलं, हिचा राग बघा, जाताना स्वतःची ठेवून माझी नेली!"

वकीलबाईंचा कप ओठांपाशी थांबला.

"निळी कुणाची?"

"तिची. हे बघा." धाकटीनं पंचा काढला, चेन ओढली. ऐसपैस ब्लाऊज, मोठ्या मापाच्या चपला, आणि वरच्या कप्प्यात गोळ्यांचं पाकीट. "गोळ्यांशिवाय कशी राहिली असेल, या विचारानं झोप लागली नाही मला. परत द्यायला निघाले होते दोनदा. जिन्यावरून परत आले."

"आणि तुमची हिरवी. पण टॅग? निळीवर तर तुमच्या नावाचा टॅग आहे."

"तो ना?" धाकटीच्या चेहऱ्यावर एकदम जुन्या घरातलं ऊन पडलं. "तो आमचा वेडेपणा. सांगते. लग्नानंतर आम्ही दोघी बाजारात जायचो. तिचं डोकं तापट, माझा जीव विसरभोळा. ती रागावून एकटीच घरी निघायची, मी रस्ता चुकायची. म्हणून आम्ही ठरवलं, निघताना पिशव्या बदलायच्या. तिची माझ्या हातात, माझी तिच्या हातात. म्हणजे कितीही रागावली तरी घराची किल्ली माझ्याकडे! परत वळावंच लागायचं तिला. नंतर सवयच झाली. कुठेही जा, सामान दुसरीचं उचलायचं."

"सहलीच्या सकाळीही?"

"त्या सकाळी बसपाशी भेटलो. इतक्या वर्षांनी पहिला प्रवास. काय बोलावं ते दोघींनाही कळेना. तर तिनं गुपचूप माझी हिरवी बॅग उचलली." "एक शब्द नाही बोलली. मी तिची निळी उचलली. तेवढ्यात मॅनेजर टॅग घेऊन आला, ज्याच्या हातात जी बॅग तिला त्याच्या नावाचा टॅग बांधत सुटला. आम्ही हसलो. कशाला दुरुस्त करायचं? आम्हाला माहीत होतं की."

वकीलबाईंनी चहा तसाच खाली ठेवला.

"मावशी, चपला घाला. ही बॅग घ्या आणि माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

"जिथे आणखी कुणालाही हे माहीत नाही, तिथे."

५

मालकाची खोली मोठी होती. मालक गृहस्थ जाडजूड, नम्र, आणि घाईत. "बाई आल्या म्हणजे सही करायलाच, असं धरतो मी," तो हात जोडून म्हणाला. मॅनेजर त्याच्या उजव्या हाताला. ड्रायव्हरला वकीलबाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो दारापाशी उभा.

थोरली हिरवी बॅग घेऊन बसली होती. कागद पुढ्यात होता, पेन उघडं होतं. वकीलबाईंनी तिला एवढंच सांगितलं होतं, की मी म्हणेपर्यंत पेन उचलू नका.

"मॅनेजरसाहेब," वकीलबाईंनी सुरुवात केली, "एकदा पुन्हा सांगा. बाई डिकीपाशी आल्या आणि बोट दाखवलं."

"किती वेळा सांगू? 'ती हिरवी माझी.'"

"मावशी, बॅग उघडा."

थोरली दचकली. "नको. ती माझी..."

"म्हणूनच उघडा."

चेन कुरकुरली. जांभळा स्वेटर बाहेर आला. थोरलीच्या रुंद हातात तो बाहुलीच्या कपड्यासारखा दिसत होता. खाली एक छोटा परकर, केसांचं गंगावन, इवल्याशा चपला. मालकानं स्वेटरकडे पाहिलं, मग थोरलीच्या खांद्यांकडे पाहिलं. तो माणूस धंद्याचा असला, तरी मापं त्यालाही कळत होती.

"हे सामान ह्यांचं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ह्यांच्या जावेचं आहे. दोघी एकमेकींच्या बॅगा वाहतात, तरुणपणापासून. तुम्ही टॅग बांधले ते हातात बघून. म्हणून ह्यांच्या नावाचा टॅग जावेच्या बॅगेवर बसला."

"मग... घाईत चुकल्या असतील!" मॅनेजर चटकन म्हणाला. "रागात माणूस चुकतो."

"चुकतो ना. पण कसा चुकतो ते बघू. दोन्ही बॅगा दोघींना पाठ आहेत. रोज संध्याकाळी खोलीवर आपापली उघडत होत्या. जिचं तोंड पाहायचं नाही, तिचे कपडे घेऊन कुणी निघून जातं का? आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या मागे ठेवून? मालक, त्या बसमध्ये दोनच माणसं अशी होती ज्यांना हिरवी बॅग थोरलीची आहे असं चुकूनही वाटलं नसतं. त्या ह्या दोघी. बाकी कुणालाही वाटलं असतं. जो टॅग वाचून बॅग काढतो, त्याला वाटलंच असतं. बोट कुणी दाखवलं नाही. बाई तिथे नव्हत्याच. त्या हॉटेलच्या मागे, बाथरूमच्या रांगेत उभ्या होत्या."

वकीलबाई मालकाकडे वळल्या.

"पुढचं सोपं आहे. तळं रद्द झाल्यावर एकच बाई बोलली. थांब्यावर तीच मागे राहिलेली दिसली, आणि ह्या साहेबांच्या मनात आलं, ब्याद टळली. पण नुसती टाकून गेलो तर अंगाशी येईल. आपण होऊन उतरली असं दिसायला हवं. म्हणून बॅग उतरवली. शेजारीण आरडाओरडा करील. तर तिला सांगितलं, 'तिला तुझ्याबरोबर यायचं नाही.' आणि थोरलीला फोनवर सांगितलं, 'तिला तू नको आहेस.' एकच वाक्य, फक्त माणसं बदललेली. भांडण कुठे दुखतं ते माईकवर आयतं कळलं होतं."

"पुरावा काय याला?" मॅनेजरचा आवाज आता तुपाचा नव्हता.

"मी," दारातून ड्रायव्हर म्हणाला. बोलल्यावर तोच सगळ्यांत जास्त दचकला. "मी डिकी उघडली. बाई नव्हत्या तिथे. साहेब एकेक टॅग उलटून नाव शोधत होते. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबू, म्हातारं माणूस आहे. म्हणाले, तुला नोकरी नको का?" त्यानं मालकाकडे पाहिलं. "आता काय करायचं ते करा. मला झोप येत नव्हती."

थोरलीनं यातलं किती ऐकलं कोण जाणे. तिच्या हातात तो जांभळा स्वेटर होता. "म्हणजे ती," तिनं हळूच विचारलं, "ती नाही म्हणाली, गाडी सोडा म्हणून?"

"नाही, मावशी. तिलाही तेच सांगितलं होतं, जे तुम्हाला. ती बाहेर बाकावर बसलीय. मघापासून."

थोरली उठली. कागद टेबलावरून घसरून खाली पडला, तो कुणी उचलला नाही.

दार उघडलं. बाकावर धाकटी निळी बॅग मांडीवर घेऊन बसली होती. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. वकीलबाईंना वाटलं, आता रडारड होणार, आणि त्यांनी रुमाल शोधायला पर्स उघडली.

"गोळ्या विसरतेस होय!" धाकटी ओरडली. आयुष्यात पहिल्यांदाच ती थोरल्या जावेला अगं-तुगं बोलली होती.

"आणि तू?" थोरली गरजली. "कुणी कानात काही सांगितलं की खरं! गाडीतून उडी टाकायची नाहीस?"

"चालत्या गाडीतून?"

"मग थांबवायची!"

मालक घाबरून वकीलबाईंकडे पाहू लागला. वकीलबाईंनी पर्स बंद केली. हे भांडण कसं ऐकू येत होतं, सांगू? बऱ्याच दिवसांच्या बंद घरात नळ सोडल्यावर आधी खडखडाट होतो, गढूळ येतं, आणि मग पाणी येतं, तसं.

६

मालकानं दुसऱ्या दिवशी मॅनेजरला काढलं आणि दुप्पट भरपाई देऊ केली, प्रकरण वाढवू नका म्हणून. दोघी वकीलबाईंच्या ऑफिसात आल्या. खालून वाफ येतच होती.

"निर्णय तुमचा," वकीलबाई म्हणाल्या. "घ्या आणि मोकळ्या व्हा, त्यातही काही चूक नाही. पण मालकानं एका माणसाला काढलं म्हणजे रीत बदलली असं नव्हे. न्यायालयात गेलो तर वेळ लागेल. माफी, भरपाई मागू. परवाना कार्यालयात तक्रार करू, म्हणजे प्रत्येक गाडीत माणसं नीट मोजली जातील. ड्रायव्हर साक्ष द्यायला तयार आहे."

"त्याची नोकरी?" थोरलीनं विचारलं.

"गेलीच तर त्याच्यासाठीही लढू."

"मग लढायचं," धाकटी म्हणाली. "माझ्यासारखी दुसरी कुणी त्या खिडकीत बसायला नको."

"तर मग लिहिते. तक्रारदार क्रमांक एक?"

"ही," दोघी एकदम म्हणाल्या, एकमेकींकडे बोट दाखवत.

"थोरल्या तुम्ही आहात," वकीलबाई थोरलीला म्हणाल्या.

"सोडलं मला असलं, तरी फसवलं तिला जास्त. तिचं आधी."

"काही नको. मोठ्यांचं आधी. नाहीतर लोक म्हणतील, धाकटीनं वर डोकं काढलं."

"लोक! अजून लोकांचीच काळजी!"

वकीलबाई पेन हातात धरून थांबल्या. मग धाकटी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाई, ह्या लोकांनी घेतला तो वेळ मागता येईल. पण त्याआधीची वर्षं? ती कुणाकडे मागायची?"



"तो दावा आपल्या दोघींवर आहे," थोरली म्हणाली. "त्याला वकील मिळायचा नाही."

खाली ड्रायक्लीनरनं इस्त्री टेकवली, फुस्स झालं.

"पक्षी किती दिवस असतात तळ्यावर?" धाकटीनं विचारलं.

"थंडी सरेपर्यंत, असं म्हणतात," वकीलबाई म्हणाल्या. "आता सरतच आली. कदाचित उडालेही असतील."

"मग नुसतं पाणी बघू," थोरली उठत म्हणाली. "साधी गाडी जाते ना तिथे? तिकीट काढून, धक्के खात. चल गं."

नाव कुणाचं पहिलं लिहायचं, ते राहूनच गेलं. वकीलबाई खिडकीत आल्या. रस्त्यावर वाहनांची झुंबड होती. थोरली तिच्या लांब टांगांनी चार पावलं पुढे गेली, धाकटी मागे पदर सावरत येत होती. रस्त्याच्या कडेला थोरली थांबली. मागे वळून पाहिलं नाही; फक्त एक हात मागे केला, पंजा उघडा.

धाकटीनं तो जरा ताटकळू दिला. मग धरला.